शंभर किलोमीटरनंतर

भर पावसात एक पांढरी गाडी आमच्या टायरच्या दुकानासमोर येऊन थांबली. इस्लामपूरला हायवेलगतचं हे दुकान अब्बांचं. पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते आत खुर्चीवर बसतात आणि पाना माझ्या हातात. उतरणारा प्रत्येकजण पोरगी बघून आधी विचारतो, "मिस्त्री कुठायत?" याने माझे काळे हात पाहिले आणि थेट मलाच म्हणाला, "टायरची हवा दाखवणारे सेन्सर बसवायचेत. जमेल?"

गडी तिथंच आवडला, खोटं कशाला बोलू!

आसिफ त्याचं नाव, साताऱ्याचा. जुन्या टेम्पोत स्वतःच्या हाताने पलंग, शेगडी, कपाटं बसवून त्याने फिरतं घर केलं होतं. काम इतकं नेटकं, की मी हात पुसूनच आत डोकावले. दोन दिवसांनी पर्यटकांना घेऊन तो निघणार होता.

त्याने सेन्सर काढले — व्हॉल्व्हच्या तोंडावर टोपणासारखे बसणारे.

"रबरी व्हॉल्व्हवर न्हाई बसवणार मी," मी म्हणाले.

"का?"

"सेन्सरला वजन हाय. गाडी पळाली की रबर हलतंय, बुडाशी चिरतंय. घाटात हवा गेली म्हंजे? पितळी घ्या."

"ते चकचकीत ॲल्युमिनियमचे छान दिसतात की..."

"पावसापाण्यात गंजून अडकत्यात. फोटो काढायचाय का घाट उतरायचाय?"

तो हसला. "घाट! तुमच्या मनासारखं बसवा."

माझ्या मनासारखं... दुकानात असं कुणी म्हणत नाही हो.

चारही पितळी व्हॉल्व्ह आणि त्यांवर सेन्सर बसवून मी बजावलं, "नटाखालचं वॉशर दबतंय. शंभर किलोमीटर पळवून या, पुन्हा आवळून देते."

दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला जाऊन स्वारी हजर! नट आवळले, चहा झाला, दुसराही झाला. मग तो दौऱ्यावर गेला आणि मी उगाच हायवेकडे बघत बसले.

बारा दिवसांनी परत आला. "जरा नट बघता?"

चारही तपासले. तसूभर हलले नव्हते. "अजून एकदा या" म्हणायला किती वेळ लागतो? पण कामाबद्दल खोटं बोलायची मला सवय नाही. आणि खरं सांगितलं, तर हा परत यायचा नाही.

"घट्ट हायेत. आता परत यायची गरज न्हाई."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... कधीच नाही?"

"गाडीला न्हाई." मी नजर वर उचलली. "मला हाय."

तो कानापर्यंत लाल होत म्हणाला, "मग... उद्या अम्मीला घेऊन येऊ?"

मी उत्तर देणार, तोच आतून अब्बांचा आवाज आला —

"उद्या शुक्रवार हाय, दुकान बंद. घरी या!"