पोतीवाल्याचा कप

निहादची आणि नौफाची पहिली भेट झाली ती पोत्याच्या भोकातून.

खरं सांगायचं तर तिनेच त्याला आधी पाहिलं. आमच्या तल हुबारा गावच्या बाजारात पोतं विकत घ्यायची रीत ठरलेली आहे. घडी मोडायची, दोन्ही हातांनी पोतं उन्हासमोर धरायचं आणि ऊन कुठून डोकावतंय ते बघायचं. नौफाने धरलेल्या पोत्याला अंगठ्याएवढं भोक होतं. तिने त्याला डोळा लावला. पलीकडे ऊन नव्हतं. पलीकडे एक नवखा तरुण उभा होता — इस्त्रीचा सदरा, कानावर पेन्सिल, आणि भुवयांपर्यंत तागाचे तंतू.

"यातून गहू गळेल," ती पोत्याआडूनच म्हणाली.

"फार तर एखादा दाणा."

"दाणा? मला तर अख्खा माणूस दिसतोय."

"मग दुसरं देतो. आणा इकडे."

"थांब की. अजून बघून झालं नाही."

"काय... पोतं?"

"नाहीतर काय!"

मी समोरच्या दुकानात साखर जोखत होते. मी वर्दा; नवरा गेल्यापासून चहा, साखर, रॉकेल विकते. काट्याचं पारडं स्थिर झालं, पुडी बांधून झाली, गिऱ्हाईक निघूनही गेलं, तरी त्या पोरीचं पोतं काही खाली आलं नव्हतं. वजनाचा धंदा करणाऱ्या बाईला एवढं पुरतं.

नौफा अबू दहामची लेक. भाऊ लष्करात, त्यामुळे घरची पोती, सुतळी, दाभण सगळं हिच्याकडे. अबू दहामचा बाप उंटांमागे फिरला. अबू दहामने उंट विकून ट्रॅक्टर घेतला आणि रेल्वेरुळांपर्यंत जमीन नांगरली. रुळांपलीकडे तुर्कस्तान, म्हणून तिथे थांबला. नाहीतर थांबला नसता. आमचं गावच तसं नवं. कुणी रुळांपलीकडच्या मार्दीनहून पळून आलेलं, कुणी वाळवंटातून, कुणी हलब शहरातून नफा शोधत. निहाद हलबचा. सुगीच्या तोंडाशी ट्रकभर पोती घेऊन यायचं, शेवटचा गहू आगगाडीत चढला की दुकानाला कुलूप लावून परत जायचं, असा त्याचा बेत होता.

नौफा रोज येऊ लागली.

"कालच सुतळी नेलीत ना तुम्ही?" निहाद विचारायचा. हलबचे लोक मांजरालाही अहो-जाहो करतात.

"संपली."

"एवढ्यात? काय शिवलंत, गाव?"

"एका माणसाचं तोंड शिवायचं होतं. फार बोलतो."

"मग?"

"मग म्हटलं, राहू दे. दुपार बरी जाते."

तो हसायचा, सुतळीचा गुंडा पुढे करायचा, आणि तो गुंडा दोघांच्या हातांत थोडा जास्तच रेंगाळायचा. मी मुद्दाम बघत होते असं नाही. पण समोरच्या दुकानात मालाची देवाणघेवाण चालली असेल तर नजर जातेच.

आता कपाची गोष्ट.

सुगी सुरू होताना अबू दहाम बाजारातल्या सगळ्यांना बैठकीत बोलावतो. कडू कॉफी असते, शाईसारखी काळी, छोट्या वाटीसारख्या कपात, घोटभर. निहादला लोकांनी एवढं शिकवून ठेवलं होतं, की रिकामा कप हलवला म्हणजे पुरे आणि नुसताच पुढे केला म्हणजे अजून ओता. दुसरी गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती, कारण ती इथे कुणालाच सांगावी लागत नाही. पाहुण्याने भरलेला कप न पिता समोर ठेवला, की त्याला काहीतरी मागायचंय. यजमानाने "बोल" म्हणायचं. पाहुण्याने मागायचं. मिळालं तरच प्यायचं. या रीतीने इथे खून माफ झालेत, पाण्याचे तंटे मिटलेत, आणि मुली तर सगळ्या अशाच मागितल्या जातात.

पुढचं सगळं मला बैठकीतल्या पुरुषांनी सांगितलं. बायका चुगल्या करतात असं म्हणणारे पुरुष माझ्या दुकानात पाव किलो चहासाठी अर्धी सकाळ उभे असतात.

निहादच्या हातात कप आला. बैठकीचं दार अंगणाकडे उघडं होतं. अंगणात नौफा पोती झटकत होती. तिने एक पोतं उन्हासमोर धरलं... त्याला अंगठ्याएवढं भोक होतं. तेच. इतक्या पोत्यांतून नेमकं तेच तिने विकत नेलं होतं! भोकातून एक डोळा बैठकीकडे बघत होता.

निहादच्या हाताला आपण काय धरलंय याचा विसर पडला. त्याने भरलेला कप सतरंजीवर ठेवला.

कॉफी कुटणाऱ्याचा बत्ता उखळात तसाच थांबला. अबू दहामने डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"बोल लेका. घर तुझंच आहे. काय हवंय?"

"मला? काही नाही, काका."

"कप खाली आहे."

"हो... जरा गरम आहे."

कुणीतरी खोकलं. शेजारचा म्हातारा त्याच्या कानाशी लागला. "अरे शहाण्या, मागितल्याशिवाय उचलता यायचा नाही तो. माग काहीतरी. आणि जरा मोठं माग."

निहादचे कान लाल झाले. अंगणातलं पोतं हळूच खाली आलं. आता एक नाही, दोन डोळे दिसत होते. माणसाच्या आयुष्यात असा क्षण येतो, तेव्हा मनात असतं ते ओठांवर यावं. व्यापाऱ्याच्या ओठांवर सवयीचं येतं.

"यंदाची... यंदाची सगळी पोती माझ्याकडूनच घ्यावीत, एवढीच विनंती."

अबू दहाम त्याच्याकडे बघतच राहिला. त्या दिवशी त्याने ठेवणीतला झगा घातला होता, दाढीला तेल लावलं होतं. पोत्यांच्या बोलण्यासाठी कुणी ठेवणीतला झगा काढत नाही.

"घेतली," तो शेवटी म्हणाला. "पी."

अंगणात काहीतरी धप्पकन आपटलं. पोतंच असावं.

गावाला सुगीभर पुरेल एवढी करमणूक झाली. गाढववाला गाढवासमोर पाण्याची बादली ठेवून विचारी, "पीत का नाहीस बाबा? पोती हवीत का?" निहाद पोती मोजत राही. त्याचा धंदा मात्र झकास चालला. अबू दहामने शब्द पाळला, आणि त्याचं बघून बाकीच्यांनीही पोती त्याच्याकडूनच घेतली. एवढा नफा झालेला आणि एवढा उतरलेला चेहरा मी दुसरा पाहिलेला नाही.

सुतळी न्यायला आता नौफाच्या घरचा म्हातारा गडी येऊ लागला.

मग एका दुपारी उत्तरेकडे, रुळांपलीकडे, आभाळ काळं झालं. गहू कापून झाला होता आणि स्टेशनजवळच्या उघड्या मैदानात त्याचे ढीग पडले होते. त्या महिन्यात आमच्याकडे पाऊस येत नाही. आला तर गव्हाला कोंब फुटतात आणि वर्ष जातं. गाव मिळेल ते घेऊन धावलं — ताडपत्र्या, चटया, तंबूचे तुकडे, माझ्या दुकानावरचा पडदासुद्धा. निहादने दुकानातली उरलेली कोरी पोती हातगाडीत घातली, स्वतः गाडी ओढत आला आणि अबू दहामच्या ढिगावर ती पसरू लागला. मोठाले थेंब पडायला लागले. ओल्या धुळीचा आणि तागाचा वास सगळीकडे सुटला. ताडपत्रीचं एक टोक त्याच्या हातात आलं. दुसरं टोक कुणाच्या हातात आहे ते त्याने मग पाहिलं.

मी तिसरं टोक धरलं होतं. पावसात दोघांनाही माझी आठवण राहिली नाही.

"ओढ!" नौफा ओरडली.

"ओढतोय."

"पोती मागताना हात बरे चालले होते!"

"हात नव्हे... तोंड चाललं. तेच चुकलं."

"एक कप होता तुझ्याकडे. एक! आणि त्यात तू... पोती!"

"मला रीत माहीत नव्हती. परत येतो ना. उद्याच येतो. कप ठेवतो आणि नीट मागतो."

नौफाने ओले केस चेहऱ्यावरून मागे सारले. हसावं की ताडपत्री त्याच्या डोक्यावर टाकावी, हे तिचं ठरेना.

"एका घरात एका माणसाला एका सुगीला एकदाच ठेवता येतो कप. मागितलंस, मिळालं, संपलं. आता पुढची सुगी."

"म्हणजे... वर्षभर?"

"वर्षभर. आणि बाबांकडे कप ठेवणारे तोवर झोपलेले नसतील. त्यांच्या चुलतभावाकडचे थंडीत मला मागायला येतोच म्हणालेत."

"तशीच विनंती केली तर? कपाशिवाय?"

"कपाशिवाय शेळी मागतात."

पाऊस जसा आला तसा थांबला. गहू वाचला. पोती मात्र भिजून वाया गेली. अबू दहामने ढिगाभोवती एक फेरी मारली, एक ओलं पोतं उचलून पिळलं, आणि परत ठेवलं. निहादकडे त्याने एकदा पाहिलं. घोडा घेताना माणूस असं बघतो.

शेवटचा गहू गेला. निहादने ट्रक ठरवला. सामान चढवून झालं. दुकानात फक्त एक स्टोव्ह, दोन खुर्च्या आणि निरोपाच्या कॉफीचे कप उरले. त्या सकाळी माझ्याकडून त्याने साखर नेली ती एका माणसाच्या दुःखाला पुरावी एवढी.

"मावशी, येतो मग," तो म्हणाला.

"ये. पण हलबमध्ये कॉफी मागतील तेव्हा पोती देऊ नकोस."

तो हसायला गेला, पण जमलं नाही.

तेवढ्यात अबू दहाम आला, निरोप द्यायला. मागे नौफा. काखेत एक घडी केलेलं पोतं. निहादने दोघांना बसवलं, स्वतः उभा राहिला, हलबच्या पद्धतीने कॉफी केली — वेलची, आणि साखर तर अशी, की चमचा उभा राहावा. ट्रकवाला बाहेर भोंगा वाजवत होता. मी काही काम नसताना दारात आले.

अबू दहामने कप तोंडाला लावला आणि डोळे मिटले. औषध घेताना मिटतात तसे.

नौफाने कप घेतला. एकदा बापाकडे पाहिलं. मग वाकून तो भरलेला कप जमिनीवर ठेवला.

निहाद बघतच राहिला. "गार होईल..."

"होऊ दे."

अबू दहाम एकाएकी छपराच्या वाशांकडे बघू लागला. त्या वाशांत बघण्यासारखं काही नाही. मी ते दुकान बांधताना पाहिलंय.

"बाईमाणसाने कप ठेवलेला..." निहाद चाचरला, "चालतो का?"

"चालत नाही असं कुणी सांगितलंय का तुला?" नौफा म्हणाली. "आमच्या घरचा कप तू संपवलास. हे तुझं घर. इथला अजून शिल्लक आहे. विचार."

बाहेर भोंगा पुन्हा वाजला. निहादने किटली या हातातून त्या हातात घेतली.

"बोला," तो म्हणाला. "काय... काय हवंय?"

"दुकान उघडं ठेव."

"वर्षभर? आणि थंडीत ते चुलतभावाकडचे..."

"वर्षभर कोण म्हणतंय! कापसापर्यंत. रुळांजवळच्या जमिनीत यंदा आम्ही कापूस लावलाय. त्यालाही पोती लागतात. गव्हापेक्षा मोठी."

निहादला कळलं नाही. मलाही क्षणभर कळलं नाही, आणि मी स्वतःला फार हिशेबी समजते. तेव्हा वाशांकडे बघत अबू दहाम बोलला:

"वाडवडिलांनी हा नियम केला तेव्हा या मुलखात फक्त सातू व्हायचा. वर्षाला एक सुगी. मी आता दोन काढतो." त्याने रिकामा कप मुद्दाम जोरजोरात हलवला, पुन्हा कुणी ओतू नये म्हणून. "कापूस वेचायला लागले की माझी बैठक उघडी असते. थंडीच्या आधी. ठेवणीतला झगा मी फक्त अजून एकदाच काढणार आहे, लेका. तेव्हा पोतीबिती मागितलीस तर बघ."

निहादने किटली खाली ठेवली. दारात गेला. ट्रकवाल्याला म्हणाला, "सामान उतरव."

"सगळं?"

"सगळं."

मग तो आत आला आणि नौफासमोर उभा राहिला. "दिलं," तो म्हणाला. "जे मागितलंत ते... आणि जे नाही मागितलंत तेही."

"एवढं नको बोलूस. सुतळी आहे माझ्याकडे." तिने काखेतलं पोतं त्याच्या हातात दिलं. "हे परत घे. भोक आहे याला."

"माहीत आहे."

"कुणाला विकू नकोस."

नौफाने कप उचलला. कॉफी पार निवली होती, तळाशी साखरेचा थर बसला होता. तिने ती एका दमात प्यायली. चेहरा इतका वेडावाकडा झाला की अबू दहामलासुद्धा हसू आलं.

"काय आहे हे? गूळ?"

"कमी करीन साखर," निहाद घाईने म्हणाला. "अजून... अजून देऊ की पुरे?"

नौफाने रिकामा कप त्याच्यापुढे धरला. हलवला मात्र नाही.