खळ्यावरचा तंबू

सन एकोणीसशे अडतीस. कार्तिक सरत आला होता, आणि मी एकवीस वर्षांची होते. आमच्या आळीत एकवीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी म्हणजे भर रस्त्यात थांबलेला टांगा. येणारा-जाणारा वळून बघायचा आणि चार शब्द सुनावून पुढे जायचा.

मी द्वारका. पुण्याच्या रविवार पेठेतल्या रखमाजी शिंप्यांची मुलगी. अप्पा लष्करासाठी तंबू शिवायचे. मी चालायला शिकले ती कॅनव्हासच्या ढिगाऱ्यावर. तेव्हा मी मास्तरणींच्या ट्रेनिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आमच्या शालूबाईंच्या मनात आलं, की मुलींना आठ दिवस रानात न्यायचं, स्वतःच्या हातानं तंबू ठोकून राहायचं. कॉलेजात केवढी कुजबुज झाली! अप्पा तर म्हणाले, "तंबू माझे घेऊन जा, पण तू जायचं नाहीस. मार्गशीर्षात नाशिकची मंडळी बघायला येणारेत. उन्हानं काळी पडशील."

"मग काळीच बघतील," मी म्हटलं आणि पिशवी भरली.

आम्ही बारा मुली आणि शालूबाई लोणावळ्याला उतरलो आणि बैलगाडीत सामान टाकून औंढ्याकडे निघालो. पावसाळ्यातलं हिरवं आता पिवळं पडलं होतं. हवेला कापलेल्या भाताचा वास. रानाच्या कडेला एक जागा दिसली... काय सांगू! गोल, सपाट, आरशासारखी गुळगुळीत. एक खडा नाही की काडी नाही. मधोमध एक मजबूत खांबसुद्धा गाडलेला, जणू कुणी आमच्याचसाठी उभा करून ठेवलाय!

"शालूबाई, हीच जागा," मी म्हटलं. तंबूंची मुखत्यारी माझ्याकडे होती. मोगरी घेतली आणि घावागणिक एक अशा मेखा ठोकत सुटले. तासाभरात तीन तंबू उभे. मोठ्या तंबूचा दोर मी त्या खांबालाच बांधला, आणि कमरेवर हात ठेवून आपलं काम बघत उभी राहिले.

"झालं का ठोकून? का अजून एखादी मेख ऱ्हायलीय?"

मागे वळले. भाताचा भारा डोक्यावर घेतलेला एक तरुण उभा होता. मुंडाशाखाली सरळ नाक, आणि डोळे... रागानं लाल की उन्हानं, कळेना.

"का? तुमची जागा आहे का ही?"

"जागा न्हाई बाई, खळं हाय. आठ दिस चोपलंय, आईनं काल सारवलंय. उद्या मळणी." त्यानं भारा बाजूला टाकला. "आन् त्यो खांब न्हवं, तिवडा हाय. त्याला बैल बांदत्यात. तुमी तंबू बांदलाय."

मी खाली पाहिलं. माझ्या पायात कॅनव्हासचे बूट होते. बाराही जणींच्या पायांत होते. आणि तो मात्र खळ्याच्या कडेला वहाणा काढून उभा होता.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण तोंडून निघालं भलतंच, "मग पाटी लावायची होती!"

 तो असा हसला, असा हसला की झाडावरचे पोपट उडाले. "व्हय व्हय. खळ्याला पाटी! पुढच्या साली लावतो. 'शेरातल्या बायांनी हितं मेखा ठोकू नये.'"

शालूबाईंनी नुकसानभरपाईचं विचारलं, तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. "हितं सावड चालती, बाई. आज तुमी माज्या कामाला, उद्या मी तुमच्या. दिसाला दीस."

"आणि एखाद्यानं दिवस फेडला नाही तर?" मी विचारलं.

"तसं हुत न्हाई. मयताबिगर सावड कुणी मोडत न्हाई. निरोप आला की हातातलं काम टाकून जायाचं." मग माझ्या हातातल्या मोगरीकडे बघून म्हणाला, "हात चांगला चालतोय तुमचा. उद्या खळं चोपाया धुमस चालवा."

त्याचं नाव महिपती. सात यत्ता शिकलेला, घरी आई कस्तुराबाई आणि हा, दोघंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही बारा जणींनी अनवाणी पायांनी ते खळं पुन्हा केलं. मेखांची भोकं मुरमानं बुजवली, पाणी शिंपडलं, धुमसानं चोपलं. कस्तुराबाई शेणाचा गोळा माझ्या हातात देत म्हणाल्या, "नाक मुरडायचं आसंल तर आत्ताच मुरड बाई, मग हात मोकळं नसत्यात." मी नाक मुरडलं नाही. संध्याकाळी खळं पुन्हा आरशासारखं झालं आणि माझे तळहात सोलून निघाले.

"फिटली सावड," महिपती म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सगळ्या मुली किल्ला बघायला गेल्या. मी... मी गेले नाही. विळा मागून घेतला आणि त्याच्या खाचरात उतरले.

"आता काय राहिलंय तुमचं हितं?"

"भात कापायला शिकायचंय. मास्तरणीला सगळं यायला हवं."

"मास्तरीणबाई, तुमी भात कापत न्हाई, त्याची हजामत करताय. खालनं धरा... आसं न्हाई." माझा हात धरायला तो पुढे झाला, आणि मध्येच थांबला. बोटं हवेतच राहिली. मग त्यानं शेजारची पेंढी उचलून दाखवलं, "आसं."

त्या न झालेल्या स्पर्शानं मला दिवसभर काही सुचू दिलं नाही. विळ्यानं बोट कापलं तेही घरी... म्हणजे तंबूत... गेल्यावर कळलं.

दुपार कलल्यावर तो म्हणाला, "तुमचा एक दीस वर झाला आता. माज्या अंगावर सावड आली. कवा फेडू?"

"सांगेन."

"पुण्यात कसलं रान आलंय तुमचं?"

"सांगेन म्हटलं ना!"

परतताना त्यानं मला डोंगराच्या कड्यापाशी नेलं. कस्तुराबाई पाच पावलं मागून गवताचा भारा घेऊन येतच होत्या. ऊन उतरलं होतं. खाली सगळं कोकण निळ्या धुरकटात पसरलेलं, आणि त्या सगळ्याच्या पार पलीकडे चांदीच्या तारेसारखी एक बारीक रेघ.

"समुद्र," तो म्हणाला. "ल्हानपणापासनं बगतोय. कवा गेलो न्हाई."

"का?"

"एकट्यानं काय जायाचं..."

वारा सुटला होता. आणि कशी कोण जाणे, मी त्याला सगळं सांगून टाकलं. नाशिकचा कापडवाला, बिजवर, अप्पांनी मनातून ठरवूनच टाकलेलं.

"तुमी न्हाई म्हणा."

"मला विचारतंय कोण?"

"मी इचारतो," तो म्हणाला. "तुमाला काय वाटतं?"

एकवीस वर्षांत मला हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली नाही. तेच माझं उत्तर. कस्तुराबाई मागून म्हणाल्या, "चला, दव पडंल," आणि त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्यांना कळलंय.

पुण्याला आले. अप्पांनी बघण्याचा दिवस ठरवला, शुक्रवार. मी नाही म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं, त्यांनी शिवणयंत्र जोरात चालवलं, म्हणजे माझा आवाज बुडावा. तेव्हा मी एक पोस्टकार्ड आणलं आणि लिहिलं: 'सावडीचा दिवस पाहिजे. येत्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता, रविवार पेठ, रखमाजी शिंपी यांचे दुकान. द्वारका.'

त्यात दुसरा शब्द नाही. मळणीचे ऐन दिवस. वाटलं, येणार नाही. वाटलं... येऊच नये, म्हणजे मी रडून मोकळी तरी होईन.

शुक्रवारी बैठकीत नाशिकची मंडळी पोहे खात होती. मी पाट सोडून मुद्दाम उभी होते. आणि दारात मुंडासं दिसलं. अंगावर भाताचा भुसा तसाच, मागे कस्तुराबाई. त्यानं वहाणा बाहेर काढल्या, आत आला, सगळ्यांना रामराम केला आणि माझ्याकडे बघून म्हणाला,

"सावडीचा दीस द्याया आलोय. काय काम हाय?"

अप्पांच्या हातातला पेला खाली आला. "कोण हा?"

"अप्पा, हे औंढ्याचे महिपती. मला यांच्याशी लग्न करायचंय." आणि त्याच्याकडे वळून म्हटलं, "हे काम आहे."

महिपतीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं.

"ह्ये एका दिसाचं काम न्हाई, बाई."

"मग रोज या," मी म्हटलं.

सगळ्यात आधी हसले ते नाशिकचे कापडवाले! बशी खाली ठेवून उठले आणि म्हणाले, "रखमाजी, पोहे झकास होते. पण या मुलीला माझ्या दुकानात गप्प बसवणं मला जन्मात जमायचं नाही."

अप्पा हसले नाहीत. "शिंप्याची मुलगी कुणब्याच्या घरात? बाहेर पाऊल टाकलंस तर हा उंबरा तुला नाही."

"मी एकवीस पूर्ण आहे, अप्पा. उंबरा तुमचा, पाय माझे आहेत."

आई, सरुबाई तिचं नाव, जन्मभर अप्पांपुढे बोलली नाही. तेव्हाही बोलली नाही. उठली, दुकानातली तिची कात्री फडक्यात गुंडाळली आणि माझ्या पिशवीत टाकली. कस्तुराबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. दोघींचं विहीणपण तेवढ्यातच झालं. नोटिशीची मुदत भरल्यावर नोंदणीचं लग्न झालं, आणि चौथ्या दिवशी मी मळणीला उभी राहिले.

औंढ्यात काय थोडं बोललं गेलं? 'महिपतीनं पोस्टकार्डावर बायकू आणली!' कस्तुराबाई पाणवठ्यावर म्हणायच्या, "मग? तुमी हुंड्यावर आणली, आमी सावडीवर."

अप्पा तीन वर्षं बोलले नाहीत. मग एकेचाळीसच्या दिवाळीनंतर रेल्वेनं एक पार्सल आलं. आत नवाकोरा लहान तंबू. शिवण अप्पांचीच, मी डोळे मिटून ओळखते ती. चिठ्ठी नव्हती. मेखा मात्र मोजून दिल्या होत्या आणि एक जास्तीची.

तो तंबू घेऊन आम्ही दोघं घाट उतरलो. खोपोलीहून मोटार, पुढे पायी, आणि ती चांदीची रेघ मोठी होत होत समोर आली. महिपती गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. मी जवळ गेले तर म्हणाला, "लय बडबड्या हाय की गं... वरनं किती मुका दिसायचा."

सुरूच्या बनापाशी त्यानं एक सपाट, सारवलेली जागा हेरली आणि मेख ठोकली. दुसरी ठोकतोय तोच एक कोळीण टोपली टाकून धावत आली. "अरे ए दादा! ते आमचं जवला सुकवायचं खलं हाय!"

मी वाळूत बसकण मारून हसले. महिपती मोगरी हातात धरून तसाच उभा. दुसरा दिवस आम्ही तिचा जवळा पसरण्यात घालवला.

माझ्या लग्नावरून तेव्हा शालूबाईंना संस्थेनं जाब विचारला होता. तरी पुढच्याच कार्तिकात त्या पुन्हा वीस मुली घेऊन आल्या आणि तंबू आमच्या खळ्याशेजारी ठोकले. नाशिकच्या कापडवाल्यांनी पुढे लग्न केलं; माझ्या थोरल्या मुलीच्या बारशाला त्यांच्याकडून खण आला. कस्तुराबाई माझ्या हातून शेवटचं पाणी पिऊन गेल्या. अप्पा म्हातारपणी औंढ्याला येऊन राहायचे, भाताच्या गंजीवर घालायची ताडपत्री शिवत. आईची कात्री अजून चालते. मी तीस वर्षं इथल्या शाळेत शिकवलं. महिपतीला जाऊन नऊ वर्षं झाली.

आता मळणी यंत्रावर होते. तरी कार्तिक आला की मी खळं चोपून, सारवून घेते. सुना म्हणतात, कशाला आता? मी ऐकत नाही. कधीच ऐकलं नाही, आता काय ऐकणार!

परवा पुण्याची कॉलेजची पोरं आली आणि कुणाला न विचारता त्यावर नारिंगी तंबू ठोकला. घरातले ओरडत धावले. मी काठी टेकत गेले. बूट घातलेली एक मुलगी हातोडी घेऊन उभी होती, शरमेनं लाल झालेली.

"असू दे," मी म्हटलं. "बूट काढ, आणि सकाळी सारवायला ये."

"किती दिवसांचं काम आहे, आजी?"

मी तिवड्याला धरून उभी राहिले.

"एका दिसाचं न्हाई," मी म्हटलं.