अंबूबाईंच्या मोडलेल्या दोन सुया

"कुणी हलू नका! माझी सुई पडलीय!"

शरयू ओरडली तसे मधु आणि विनी जागच्या जागी थिजले. मधुनं खिशातून लोहचुंबक काढला, सतरंजीवरून फिरवला आणि टक्! सुई चिकटली.

"घे! सकाळपासून तिसऱ्यांदा! तू बाहुली शिवते आहेस की सुया पेरते आहेस?"

"गप रे! जगभर लढाई चाललीय. बाजारात सुई मिळते का बघ जाऊन!"

शरयू आणि तिची धाकटी बहीण विनी मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीहून वाईला विष्णुपंतकाकांकडे आल्या होत्या. मधु हा काकांचा मुलगा. उद्या काकांच्या पहिल्या नातवाचं बारसं होतं आणि त्याच्यासाठी उंब्रजच्या अंबूबाई तीन दिवस माजघरात बसून गोधडी शिवत होत्या. शरयू त्यांना सुईत दोरा ओवून द्यायची आणि बदल्यात त्या तिला चिंध्यांची बाहुली शिकवायच्या. दोघींची गट्टी जमली होती अगदी!

तेवढ्यात काकांचा आवाज घुमला, "पेटीची किल्ली कुठं गेली? बाळाचे चांदीचे वाळे आहेत त्यात!"

सगळं घर शोधून झालं. किल्ली नाही! मग काका अंबूबाईंकडे बघून म्हणाले, "तीन दिवस माजघरात बाहेरचं माणूस एकच होतं."

अंबूबाईंचा हात थांबला. गोधडी घडी करून त्यांनी बाजूला ठेवली. "मालक, माझं बोचकं झाडून बघा. पर चोर म्हनून मला धाडू नगा. उद्या मला दारात कोन उभं करंल?"

"चारच्या मोटारीनं उंब्रजला जा म्हणजे झालं!" काका तोंड फिरवून ओटीवर गेले.

शरयूला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. अंबूबाई आणि चोरी? छे! घड्याळात तीन वाजले होते. एकच तास! तिनं गोधडी मांडीवर ओढली. अंबूबाईंचे टाके कसे ओळीनं गेले होते. पण एका कोपऱ्याशी ओळ वळसा घेऊन पुढं गेली होती.

"अंबूबाई, परवा तुमच्या दोन सुया इथंच मोडल्या ना?"

"व्हय गं. सुई आत जाईना. जाड शिवन असंल म्हनून टाका वळवून घेतला."

शरयूचे डोळे चमकले. "मधु, चुंबक घे!"

पण काका दारातून गरजले, "पोरखेळ पुरे! तयार गोधडी कुणी उसवायची नाही!"

"बरं काका," शरयू अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाली आणि आवाज चढवला, "काकू, बाळाच्या गोधडीत सुईचं टोक राहिलं असेल तर हो?"

खरं तर दोन्ही टोकं तिनंच वेचून काड्यापेटीत ठेवली होती. पण ते आत्ता कशाला सांगा?

"अगं बाई!" काकू धावत आल्या. "बघा बघा आधी!"

मधुनं चुंबक फिरवला. कोपऱ्याशी तो असा चिकटला की उचलताना कापडही वर आलं!

"हे टोक नव्हे, पहार आहे!" विनी किंचाळली.

"अंबूबाई, इथं आत काय घातलंय?" शरयूनं विचारलं.

"मालकांची जुनी बंडी. बाळाच्या गोधडीत थोरल्याचा कपडा न कापता, न उसवता घालायचा. मंजी त्याचं आयुष्य बाळाला लागतं."

"आणि खिसे पाहिलेत?"

"अगं बाय! थोरल्या मानसाच्या खिशात मी कशाला हात घालू?"

शरयू काकांकडे वळली. "काका, किल्ली तुम्ही ठेवता कुठं?"

"कुठं म्हणजे? बंडीच्या आतल्या खि..." काकांनी खुंटीकडे पाहिलं. तिथं नवी बंडी लटकत होती!

"मी विचारलं होतं यांना," काकू म्हणाल्या. "जुनी बंडी गोधडीला देऊ का? तर पेपरातून मान वर न काढता म्हणाले, दे!"

शरयूनं वीतभर शिवण उसवली, आत हात घातला आणि लोखंडी किल्ली बाहेर काढली.

काकांचा चेहरा पडला. ते अंबूबाईंसमोर येऊन हात जोडून म्हणाले, "चुकलो मी. फार वाईट बोललो."

अंबूबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग हळूच हसून सुई पुढं केली. "उसवलेलं शिवाया पायजे. कपडा तुमचा हाय मालक, टाकं तुमीच घाला."

पोरांना वाटलं, काका आता भडकणार! पण काका मुकाट्यानं मांडी घालून बसले! शरयूनं दोरा ओवून दिला. तीनदा बोट टोचून घेत त्यांनी सात टाके घातले. एक पूर्वेला, एक पश्चिमेला!

"माझ्या बाहुलीपेक्षा वाईट!" विनी म्हणाली आणि काकांसकट सगळे खदखदून हसले. चारची मोटार निघून गेली तरी अंबूबाई कुठं गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाळण्यात बाळ वाळे वाजवत पाय झाडत होतं. शेजारच्या शालूबाईंनी गोधडी निरखली. "काम सुरेख आहे हो! पण हे वाकडे टाके कुणाचे?"

काकाच पुढं झाले.

"माझे. या बाईंवर मी खोटा आळ घेतला होता, त्याचे. आमच्या शरयूनं तो खोडून काढला."

"ह्या पोरीच्या बोटांस्नी डोळं हायत!" अंबूबाई म्हणाल्या आणि त्यांनी शरयूला जवळ ओढलं.

शालूबाई म्हणाल्या, "अंबूबाई, माझ्या लेकीचं बाळंतपण श्रावणात आहे. गोधडीला याल ना?"

"येती की! पर आदी घरातल्या थोरल्यांचं खिसं तुमीच बघून ठेवा!"