कपडे वाळत घालायची तार

बंद करा ते मोबाईल. ऐकायचं असेल तर नीट ऐका, आणि मध्येच कुणी खी खी करायचं नाही.

माझा धाकटा साडू वायरमन आहे, हे तुम्हाला माहीत आहे. झुरळ दिसलं तरी बायकोला हाक मारणारा माणूस. असला माणूस मनाचं रचून काय सांगणार? गोष्ट गेल्या मार्चच्या शेवटच्या रात्रीची. एका घरमालकाच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवे भाडेकरू यायचे होते. नवरा, बायको आणि रांगतं पोर. अंगणातला दिवा लागत नव्हता, म्हणून मालकाने अंधार पडल्यावर साडूला बोलावून घेतलं.

हा मालक मी पाहिलाय. बोटाबोटात अंगठ्या, पण हातून दमडी सुटत नाही. अंगणातल्या दिव्याला लाइन दिली होती ती स्वयंपाकघरातल्या प्लगमधून. वायर खिडकीतून बाहेर, आणि पुढे कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेला बांधत बांधत पार दिव्याच्या खांबापर्यंत. अर्थिंगचा पत्ता नाही. ओले कपडे आणि करंट शेजारी शेजारी! ऐकूनच माझं डोकं फिरलं.

साडू म्हणाला, "मालक, आतल्या दिव्यांच्या लाइनवरून वेगळा पाइप टाकून देतो. ही वायर काढूनच टाकू."

"काही नको. आहे तीच चालव. कोण बघतंय?"

"आणि कुणाला शॉक बसला तर?"

"एवढी वर्षं बसला का? मागची भाडेकरीण इथेच कपडे वाळत घालताना पडली आणि गेली, पण ते हार्टचं होतं." एवढं बोलून मालक ढेकर देत झोपायला गेला.

साडूने प्लग काढला. उकडत होतं म्हणून शर्ट काढून खिडकीला अडकवला आणि बॅटरीच्या उजेडात तारेच्या मधोमध असलेला वायरचा जोड उघडायला घेतला. वरची काळी टेप नवी कोरी होती. खालची मात्र वितळलेली, चिकट, मुंग्या लागलेली. केस जळल्यासारखा वास आला. आणि लोखंडी तारेवर, वायरच्या उघड्या तांब्याला लागून, काहीतरी चिकटलेलं होतं. काळं, पापुद्र्यासारखं...

कातडं होतं ते. तळहाताचं.

त्याला तिथेच ओकारी झाली. म्हणजे कुणीतरी हे पाहिलं होतं, आणि साधं पुसूनही न घेता वरून टेप गुंडाळली होती. थू! असल्या माणसाच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये.

त्याने तोंड पुसलं. वर पाहिलं.

दिवा लागला होता.

प्लग समोर खिडकीत लोंबत होता...

मागे कुणीतरी ओला कपडा झटकला. मानेवर गार थेंब उडाले.

"भाऊ..."

दमलेला आवाज.

"जरा सरकता का?..."

तो सरकला. मागे पाहिलं नाही. पळूनच जाणार होता... पण उद्या ती दुसरी बाई याच तारेला हात लावणार. पकडीने त्याने वायर तोडली. तार तोडली. दिवा विझला. मग अंधारातच चाचपडत शिडी बांधायची नायलॉनची दोरी खांबापासून खिडकीपर्यंत बांधली. मागे कपडे पिळल्याचा आवाज चालूच होता... मग तोही थांबला. शर्ट तिथेच सोडून हा उघडाच घरी आला.

सकाळी मी त्याच्याबरोबर गेलो. तार तोडली म्हणून मालक शिव्या घालत होता. नळाला महिनाभर पाणी नव्हतं, टाकी कोरडी ठणठणीत. नवी भाडेकरीण पोर कडेवर घेऊन दारात उभी होती.

"आमच्या आधीच कुणी धुणं घातलंय?" तिने विचारलं.

नव्या दोरीवर साडूचा शर्ट होता. धुतलेला, पिळलेला, चिमटे लावलेला. अजून ठिबकत होता.

मी तो काढला. दोरीवर जिथे घडी पडली होती, तिथे कापड जळलं होतं. आडवी, सरळ रेघ. लोखंडी तारेएवढी जाड.

दोरीला काहीच झालं नव्हतं.