मेंदीवाला अंगठा

मे महिन्याच्या एका दुपारी जरीपटक्यातल्या आमच्या मेडिकल स्टोअरमध्ये एक उंचपुरा माणूस शिरला आणि कूलरसमोर असा उभा राहिला, की वाळ्याचा सगळा गारवा त्याने एकट्यानेच अडवला. हातात रिकामी स्ट्रिप होती, पण नाव छापलेली बाजू कापून गेलेली.

"ही गोळी द्या."

"कोणती?" मी विचारलं.

त्याने स्ट्रिप उलटी केली, सुलटी केली... आणि हसला. हसू बरं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तो विहंग, पारशिवनीच्या शाळेत विज्ञान शिकवणारा. त्याच्या आईला, कामिनीताईंना, रक्ताचा आजार निघाला होता. रोज एक गोळी, कायमची. फोनवरची डॉक्टरांची चिठ्ठी पाहून मी आपल्या देशातच बनलेली गोळी काढून दिली. औषध तेच, मूळ कंपनीपेक्षा दहापट स्वस्त. तर हा विचारतो, स्वस्त म्हणजे नकली तर नाही? माझं डोकंच फिरलं. फार्मसी शिकलेल्या पोरीला असं विचारायचं? मी त्याला काउंटरपाशी उभं करून अर्धा तास शिकवलं. मास्तर असून निमूट ऐकत होता.

पुढच्या महिन्यात तो आला, तेव्हा माझी शिकवणी त्याने इंटरनेटवर एका पानावर मांडली होती. कोणत्या महाग गोळीला कोणती स्वस्त गोळी, सगळं सोप्या मराठीत. फोटो मी पुरवायचे. मौद्याला मामेबहिणीचं लग्न आटोपून आले त्याच दिवशी महाग आणि स्वस्त, दोन्ही स्ट्रिपा एका हातात धरून फोटो काढला, पाठवला. लोक गावोगावून त्या पानावर विचारू लागले. आणि मी महिन्याच्या एक तारखेला नवा ड्रेस घालू लागले. कशासाठी, ते कुणी विचारू नये.

मग एका एक तारखेला तो उतरलेल्या चेहऱ्याने आला. पान गायब झालं होतं. स्ट्रिपांचा फोटो आमचा आहे, अशी महाग गोळीच्या कंपनीने तक्रार केली होती. वेबसाइट परदेशातली, तिकडे आधी पान उतरवतात आणि मग विचारतात.

तो म्हणाला, व्यापार करारांमधून हे आपल्याकडेही येऊ शकतं. मला वाटायचं, असे करार म्हणजे संत्री आणि कापूस. त्याने समजावलं, की करारांच्या बोलणीत बाहेरचे देश आणखीही काही मागतात. औषधाच्या चाचण्यांचे कागद कंपनीकडे वर्षानुवर्षं कुलपात राहावेत, म्हणजे इथल्या कारखान्यांना त्यांचा आधार घेता येत नाही आणि आपली स्वस्त गोळी उशिरा निघते. आणि नुसत्या तक्रारीवर असली पानं उतरवावीत, हे इथेही लागू व्हावं.

"आईले उद्या नवी गोळी लागली, तं ती स्वस्त भेटणार नाही," तो म्हणाला. "आन् भेटली तरी सांगाले पान राहणार नाही."

"मग उत्तर पाठवा ना."

"पाठवलं. फोटो माझा, हातही माझाच, असं लिहिलं. ते म्हणते, पुरावा द्या. आज शेवटचा दिवस आहे."

मी फोटो उघडला. अंगठाभर गर्द मेंदी, मनगटात हिरव्या बांगड्या. मी इतकी हसले, की डोळ्यांत पाणी आलं. मास्तर कानापर्यंत लाल.

"काहून लिहिलं असं?"

"तुमचं नाव टाकलं असतं, तं कंपनीवाल्यांनी तुमच्या दुकानाचा माल बंद केला असता."

"बस, एवढंच?"

तो कूलरकडे पाहू लागला. "नाही... एवढंच नाही."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. पण दुकान बाबांचं, भीती खरी होती. मी मागे जाऊन चंद्रभानरावांना, म्हणजे माझ्या बाबांना, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, परत पुसला.

"फोटो तूच काढला ना वं? मंग नाव कोणाचं टाकशीन? माल देणारे दुसरे भेटतीन."

मी मोबाइलवर फॉर्म भरायला बसले. माझं नाव, दुकानाचं नाव, पुरावा म्हणून मोबाइलमधला मूळ फोटो. शेवटचा रकाना होता, पानाच्या मालकाशी तुमचं नातं. मी 'ओळखीची' लिहिलं, खोडलं. 'मैत्रीण' लिहिलं, तेही खोडलं. मग फोन त्याच्यापुढे सरकवला.

"तुम्हीच सांगा, काय लिहू?"

त्याने फार वेळ लावला. मग काहीतरी लिहून फोन परत दिला. होणारी पत्नी.

"चूक असंन तं खोडून टाका," तो हळूच म्हणाला. "एकदा खोटं लिहून फसलो आहे मी."

"आणि हे?"

"हे माझ्याकडून खरं आहे... बाकी तुमच्या हातात."

मी काही खोडलं नाही. तसाच फॉर्म पाठवून दिला. वर पाहते तर बाबा दारात उभे राहून तीन चहा सांगत होते.

बारा दिवसांनी पान परत आलं. एका कंपनीचा माल खरंच थांबला, पण बाबांनी दुसरीकडून आणला. त्या रविवारी मी पहिल्यांदा पारशिवनीला गेले. कामिनीताईंनी माझ्यासमोरच फोटो मोठा करून पाहिला. गोळ्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"मेंदी तं मस्त रंगली वं," त्या म्हणाल्या, आणि माझा हात हातात घेऊन बसल्या.