कर्नल कुणाचे?

बेहिजेच्या अंगणात त्या सकाळी एक जीप होती, जीपवर दोन कर्णे आणि अकरा झेंडे, भोवती तीन मिशाळ कार्यकर्ते, भिंतीलगत लोणच्याच्या सव्वीस बरण्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध तिचा धाकटा भाऊ, ज्याला तिनं एकतीस वर्षांत फक्त दोनदा पाहिलं होतं.

"बाई, तसदीबद्दल क्षमा असावी," तो म्हणाला. "गावच्या मुख्यांनी आम्हाला उतरायला हेच घर दिलंय."

बाई... आई गेली तेव्हा ज्या पोराला पाठीवर बांधून तिनं कोबी चिरले, ज्याच्यापायी गिरणीवाल्याचं चांगलं स्थळ परत पाठवलं, ज्याला सैनिकी शाळेच्या दारात सोडून ती एकटी, डोळे पुसत आक्चेओरेन गावी परतली, तो नुसरेत आता निवृत्त कर्नल होता, राष्ट्रवादी पक्षाचा उमेदवार होता आणि तिला बाई म्हणत होता! तुर्कस्तानात प्रत्येकानं आडनाव घ्यायचा कायदा आला तेव्हा तरण्या लेफ्टनंटनं स्वतःसाठी चेलिकतुल्गा, म्हणजे पोलादी शिरस्त्राण, असं आडनाव निवडलं. ताईच्या नावापुढे मात्र गावच्या कारकुनानं तुर्शुजू, म्हणजे लोणचेवाली, लिहून टाकलं. शिरस्त्राणाला लोणचेवाली बहीण शोभायची कशी? तिनं तेव्हाही समजून घेतलं होतं. आताही घेतलं.

"घर आपलंच समजा, कर्नलसाहेब," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

दुपारी कर्नल समोरच्या चहाच्या दुकानात प्रचाराला गेले. बेहिजेनं खिडकी लावून घेतली. मग वारा हवा म्हणून वीतभर उघडली.

"सगळ्यांनी पाठ ताठ करून बसा," कर्नलनी भाषण सुरू केलं. दोन म्हातारे घाबरून उभेच राहिले, बाकीचे पत्ते पिसत राहिले. राष्ट्र, रक्त, दंतकथेतले लांडगे, पूर्वजांची गवताळ पठारं... सगळं झाल्यावर गावातले बुजुर्ग दुर्मुश आगा यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"छान बोललास. पण बाळा, तू कुणाचा?"

"तुर्क राष्ट्राचा."

"त्याचं तर माझं गाढवही आहे. तू कुणाचा?"

"पठारावरून घोडे दौडवत आलेल्या वीरांचा."

"घोड्यांचं राहू दे. इथे, आक्चेओरेनात, कुणाचा?"

"आगा, उमेदवाराला असं विचारतात का?" एक कार्यकर्ता गुरगुरला.

"मुलगी देताना घर बघतो, मग मत देताना नको बघायला?"

दुकान हसलं. कर्नलचे कान लाल झाले. आपल्या पोराची अशी शोभा झालेली बेहिजेला बघवेना; ती ओल्या हातांनीच रस्ता ओलांडून दारात आली.

"आगा, पाहुण्याला छळू नका," ती म्हणाली. "त्यांचं... त्यांचं इथे कुणी नाही."

"बेहिजे, तू गप," दुर्मुश आगा म्हणाले. "हे कान तुझ्या बापाचे. त्याची टोपी त्यांच्यावरच अडकायची. पोरगं जीपमधून उतरलं तेव्हाच गावाला कळलं. मुख्यानं तुझंच घर का दिलं, वाटलं तुला?"

कर्नल उठले. आयुष्यभर हाताशी एकच आवाज होता, तोच त्यांनी लावला, टाचा जुळवल्या आणि वरिष्ठांना वर्दी द्यावी तसं म्हणाले, "मी लोणचेवाल्यांचा. बेहिजेताईचा धाकटा."

मग ते ताईपाशी आले. वडीलधाऱ्यांना मान देतात तसा त्यांनी तिचा हात ओठांना लावून कपाळाला टेकवला.

"अरे, मिठाचे हात आहेत..."

"असू दे, ताई."

"आणि सकाळी बाई कुणाला म्हणालास?"

"तिघं कार्यकर्ते उभे होते गं. मी भ्यालो."

"तिघांना भ्यालास? मग लढायांत काय करत होतास?" असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिला इतकं रडू आलं, की चहावाल्यानं न मागता खुर्ची दिली.

रविवारी मतदान झालं. आक्चेओरेनच्या पेटीत दोनशे चौदा मतपत्रिका निघाल्या. कर्नलच्या पक्षाला वैध मतं एकोणीस. बाद मतं त्र्याहत्तर; त्या सगळ्यांवर पक्षाच्या चिन्हाशेजारी हातानं लिहिलं होतं, 'बेहिजेचा भाऊ'.