जुलैतलं दार्जिलिंग

"हेमा, लगेच दादाकडे ये. माझी आई हरवलीय!"

शुक्रवारी दुपारी साधनाचा फोन आला तेव्हा हेमा जेवून आडवी झाली होती. ती दुबईच्या जबल अली बंदरात इन्शुरन्स सर्व्हेअर. माल खरंच समुद्रात भिजला की कोणी मुद्दाम भिजवला, हे शोधायचं तिचं काम. त्यामुळे लोक खोटं बोलतात याचं तिला नवल नव्हतं. पण साधना शाळेपासूनची मैत्रीण, फुजैराहून धावत आलेली. हेमा चपला अडकवून निघाली.

साधनाचा थोरला भाऊ गुणवंत अल नहदाच्या आपल्या हॉलमध्ये ऐसपैस बसला होता. चौदा वर्षं गल्फमध्ये मुरलेला माणूस.

"हरवली-बिरवली काही नाही," तो हसला. "जुलैत ॲन्युअल लीव्हवर गेलो, आईला दार्जिलिंग दाखवलं, येताना तिथला चहासुद्धा आणला. तिची जन्माची इच्छा. पुण्याला सोडलं, तर ती भजनी मंडळाबरोबर काशीला गेली. खलास!"

"मला फोन न करता?" साधना म्हणाली. "पुण्याच्या फ्लॅटवरचा फोन नुसता वाजतोय. झाडांना पाणी घालायला कृष्णाबाई रोज येते, तिच्याकडे किल्ली असते. तीसुद्धा उचलत नाही."

"चहा टाक आधी," हेमा म्हणाली. "दादांनी आणलाय तो."

साधनाने पाकीट आणलं. पुढे डोंगराचं चित्र, मागे नेहमीसारखी अरबी मजकुराची चिकटपट्टी. हेमाने ते उलटसुलट पाहून परत दिलं.

"काय काय बघितलंत, दादा?"

"टायगर हिलचा सूर्योदय! कांचनगंगा नुसती सोन्यासारखी. हॉटेलच्या खिडकीतून रोज दिसायची."

"खाल्लंत काय?"

"मोमो, थुक्पा. आईला व्हेज. संध्याकाळी चौरस्त्यावर बाकावर बसून चहा. कोवळं ऊन, काय हवा!"

"मी विणलेला स्वेटर घातला का तिने?" साधनाने विचारलं.

"घातला की! टायगर हिलला."

"छत्र्या इथून नेल्या होत्या?" हेमा म्हणाली.

"हॉलिडेला छत्री कशाला?"

"फोटो?"

"अख्खा रोल एक्सपोज झाला यार."

हेमाने चहा संपवून कप खाली ठेवला.

"गुणवंतदादा, जुलैत तुम्ही दार्जिलिंगला गेलाच नाहीत."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"गल्फमध्ये राहून तुम्ही पाऊस विसरलात. जुलैत तिथे धो धो पडतो, ढगात समोरचं घर दिसत नाही. कांचनगंगा रोज कुठली दिसायला? तुमचं ते कोवळं ऊन ऑक्टोबरचं. साधना, ऑक्टोबरात कोण गेलं होतं?"

"दादा-वहिनी. हनिमूनला."

"आणि हे पाकीट. अरबी पट्टी इथे विकायच्या मालावर लावतात. दार्जिलिंगचा दुकानदार कशाला लावेल? रोज बघून तुमच्या डोळ्यांना ती दिसेनाशी झालीय. आता कृष्णाबाई. ती फोन उचलत नाही, म्हणजे तिला आत जाता येत नाही. काशीला जाणारी बाई झाडांवाल्या बाईची किल्ली काढून घेत नाही. कुलूपच बदललंय. दादा, फ्लॅट विकलात ना?"

गुणवंतच्या तोंडचं पाणी पळालं.

"बिझनेसमध्ये अडकलो होतो," तो म्हणाला. "आई तळेगावजवळ वृद्धाश्रमात आहे. चांगला आहे गं. डॉक्टर येतात."

"तिने सह्या केल्या?" साधनाने विचारलं.

"दार्जिलिंगच्या बुकिंगचे कागद म्हणून."

"आश्रमाने मला का नाही कळवलं?"

त्याने मान खाली घातली. "मला बहीण नाही, असं सांगितलं त्यांना."

दर भाऊबीजेला ती फुजैराहून ताट घेऊन यायची, ती याच माणसाला ओवाळायला. फ्लॅट गेला याचं दुःख नव्हतं. भावाने आईला आणि तिला, दोघींनाही फसवलं, तेही हसत हसत, हे तिला सोसत नव्हतं. तिने त्याच्याकडून नंबर घेतला आणि लगेच फिरवला.

पलीकडे कोणीतरी आईला बोलावून आणलं.

"साधना? अगं, कुठून बोलतेस? मी मजेत आहे. गुणवंत म्हणाला, दार्जिलिंगला जायच्या आधी दोन दिवस इथे आराम कर. तिकिटं आणायला गेलाय. पावसाने खोळंबला असेल बिचारा. मीच म्हटलं होतं त्याला, या दिवसांत तिकडे ढगांशिवाय काय दिसणार? तुझा स्वेटर पिशवीत वरच ठेवलाय हं. आणि उशीर झाला म्हणून त्याच्यावर ओरडू नकोस."